शालबे शाहेब आणि सात प्राचार्य

प्रार्थना करताना एक डोळा उघडा ठेवणारा पाद्री मी आयुष्यात एकच पाहिला. रेव्हरंड शांतवन साळवे. उजवा डोळा भक्तिभावाने मिटलेला, डावा टक्क उघडा, आणि त्या डाव्या डोळ्यासमोर तळहातावर खिशातलं घड्याळ.

हे मी पाहिलं म्हणजे माझेही डोळे उघडेच होते, हे ओघानं आलं. पण मी देशस्थांची मुलगी, त्या कचेरीतली टायपिस्ट. मला डोळे मिटायचं बंधन नव्हतं. त्यांना होतं.

त्यांच्या बाजूनं सांगायचं तर त्यांना तसं करण्याला कारण होतं. आसामच्या डोंगरापासून ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली, पाद्री घडवणारी सात कॉलेजं एका मंडळाखाली आली होती, आणि साळवेसाहेब त्या मंडळाचे मुख्य कार्यवाह होते. सात कॉलेजं पाच वेगवेगळ्या पंथांची. कुणी बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडणारे, कुणी मोठ्या माणसाला नदीत बुचकळून काढणारे. त्यांचे सात प्राचार्य दर तीन महिन्यांनी कलकत्त्यात, सियालदह स्टेशनाजवळच्या आमच्या कचेरीत एका लांब टेबलाभोवती बसत. सभेची सुरुवात प्रार्थनेनं होई, आणि भांडणाची सुरुवातही तिथूनच होई.

म्हणजे एक प्राचार्य डोळे मिटून म्हणायचे, "हे दयाळू पित्या, अभ्यासक्रमातून ग्रीक भाषा काढून टाकण्याची दुर्बुद्धी कुणाला होत असेल, तर त्याला क्षमा कर." त्यांचं 'आमेन' व्हायच्या आत दुसरे सुरू करत, "हे पित्या, आधीच्या बंधूंनी तुला जे सांगितलं ते सर्वस्वी बरोबर नाही." देवाला मध्ये घालून चाललेलं हे भांडण अर्धा अर्धा तास चाले. देवाला उत्तर देता येत नाही आणि प्रार्थनेत मध्ये बोलता येत नाही, त्यामुळे कुणाचंच काही चालत नसे.

मी लागले त्याच वर्षी साळवेसाहेबांनी परिपत्रक काढलं. मीच ते टाईप केलं होतं. 'प्रार्थना दोन मिनिटे. प्रार्थनेत ठराव मांडू नये. मांडल्यास त्यास प्रार्थनेत उपसूचना देऊ नये.' परिपत्रकावर फार चर्चा झाली. साळवेसाहेबांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "तास सरळ गेला पाहिजे."

हे त्यांचं पालुपद, इंग्रजी सभेतही मराठीतच येणारं. नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला माणूस. तास म्हणजे नांगराचा तास. तो एकदा वाकडा गेला की पुढचे सगळे वाकडे जातात, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. मंडळाच्या इंग्रजी इतिवृत्तात हे वाक्य कसं घालावं हा माझ्यापुढचा कायमचा प्रश्न होता. एकदा मी 'तास' म्हणजे घड्याळाचा तास समजून लिहिलं, आणि मुख्य कार्यवाहांनी वक्तशीरपणावर भर दिला अशी नोंद सातही कॉलेजांत गेली. साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "राहू द्या. तेही खरंच आहे."

मी तिथं कशी पोचले ते सांगायला हवं. माझे वडील केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात. स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभरात आमची बदली कलकत्त्याला झाली. डमडमला दोन खोल्या मिळाल्या. वडिलांना कचेरी होती, मला टायपिंगचा क्लास होता, आईला काहीच नव्हतं. तिला बंगाली येईना, शेजारणींना मराठी कळेना. ती भाजीवालीशी बोटांनी बोलायची आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो की दिवसभराचं सगळं आमच्यावर ओतायची.

वर्षभरानं मी नोकरी शोधू लागले. एका ओळखीच्यांनी सांगितलं की पाद्र्यांच्या कचेरीत टायपिस्ट हवी आहे आणि साहेब आपल्याकडचे आहेत. 'पाद्री' ऐकून आईनं पोळपाट बाजूला ठेवला. वडील म्हणाले, "जाऊन तर येऊ दे." मी गेले.

टेबलामागे उंच, काटकुळा, सावळा माणूस बसला होता. गळ्यात पाद्र्यांची पांढरी कडक कॉलर, वर अल्पाकाचा कोट, आणि खाली नगरी पद्धतीचं धोतर. वरचा अर्धा माणूस विलायती आणि खालचा देशी. त्यांनी माझा अर्ज पाहिला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "मिनिटाला शब्द किती?"

"पस्तीस," मी म्हणाले. खरे अठ्ठावीस होते.

"अठ्ठावीस असले तरी चालतील," ते म्हणाले. "मी सांगेन मराठीत. तुम्ही इंग्रजी करून टाईप करायचं. जमेल?"

मला वाटलं, साहेबांचं इंग्रजी कच्चं दिसतंय. मी हो म्हणाले. सहा महिने मी या समजात होते, आणि थोडी फुशारले होते, की सात कॉलेजांचा कारभार माझ्या इंग्रजीवर चालला आहे.

आईनं एका अटीवर परवानगी दिली. तिथलं पाणी प्यायचं नाही. रोज सकाळी मी डबा आणि फिरकीचा तांब्या घेऊन डमडमला गाडीत बसे. साळवेसाहेब त्याच गाडीला मागून, बराकपूरहून येत. सियालदहला उतरलं की प्लॅटफॉर्मवर पूर्व बंगालातून आलेली निर्वासित माणसं चुली मांडून बसलेली असत. त्यांच्या मधून वाट काढत आम्ही दोघं कचेरीकडे चालू लागायचो. पुढे धोतर आणि कॉलर, मागे तांब्या.

पहिल्या दिवशी मी तांब्या टेबलाखाली लपवला. साहेबांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशेजारी एक स्वच्छ तिपाई होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तांब्याला," ते म्हणाले आणि पुढचं पत्र सांगायला लागले. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. मला मात्र त्या दिवशी दुपारी ते पाणी गिळवेना.

पुढे कधीतरी मी त्यांना डब्यातलं थालीपीठ दिलं. त्यांनी ते फार हळू खाल्लं. घरी मी सांगून टाकलं. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी डबा उघडला तर त्यात दोनाऐवजी चार थालीपिठं होती. त्यावर आमच्या घरात कधीच चर्चा झाली नाही. तांब्या पुढच्या महिन्यात घरीच राहिला, त्यावरही नाही.

कचेरीत आमच्याशिवाय हेडक्लार्क घोषालबाबू होते. वीस वर्षं त्यांनी इंग्रज कार्यवाहांच्या हाताखाली काढली होती. इंग्रज कार्यवाह मायदेशी परतले आणि त्यांच्या खुर्चीत हा धोतरवाला आला, हे त्यांना पचायला वेळ लागला. बंगाली जिभेवर 'साळवे'चं 'शालबे' झालं होतं. साहेबांनी काहीही सांगितलं की घोषालबाबू चष्मा पुसत म्हणायचे, "होबे ना, शालबे शाहेब." होणार नाही.

"होबे," साहेब म्हणायचे. एवढा एक बंगाली शब्द ते अगदी बंगाल्यासारखा उच्चारत.

आणि व्हायचं. आसामच्या कॉलेजात पावसाळ्यात टपाल पोचत नाही, होबे ना. साहेब स्वतः जाऊन पोस्टमास्तरला भेटून आले, पोचायला लागलं. सातही कॉलेजांची परीक्षा एका दिवशी, होबे ना. झाली. मात्र एका गोष्टीत घोषालबाबूंचं 'होबे ना' सातांपैकी चार प्राचार्यांचंही होतं, आणि तिथं साहेबांची खरी कसोटी लागली.

सातातलं सर्वांत लहान कॉलेज संथाळ परगण्यात, साल वृक्षांच्या रानात होतं. नऊ विद्यार्थी, दोन शिक्षक, आणि मंगल हेम्ब्रम नावाचे संथाळ प्राचार्य. बुटके, दणकट, सभेत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारे. मंडळाची परीक्षा इंग्रजीत किंवा बंगालीत होई. हेम्ब्रम यांची पोरं दरवर्षी नापास होत. मग एका सभेत डॉक्टर बिश्वास यांनी ते कॉलेज बंद करावं असा ठराव आणला.

बिश्वास कलकत्त्यातल्या मोठ्या कॉलेजचे प्राचार्य. विद्वान, गोड बोलणारे, पांढऱ्याशुभ्र धोतराची निरी हातात धरून चालणारे. ते दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जी मुलं परीक्षेत टिकत नाहीत त्यांना पाद्री करून पाठवणं हा त्या मुलांवर आणि गावांवर अन्याय आहे.

"मुलं टिकत नाहीत की भाषा टिकत नाही?" साळवेसाहेबांनी विचारलं. "संथाळीत परीक्षा घेऊ."

"प्रश्न कोण काढणार? उत्तरं कोण तपासणार? हेम्ब्रम स्वतःच्याच मुलांची?"

"मी तपासीन."

"तुम्हाला संथाळी येतं?"

"नाही," साहेब म्हणाले. "एक वर्ष द्या."

तेव्हा त्यांचं वय चोपन्न होतं. मागून घोषालबाबूंचं 'होबे ना' ऐकू आलं, पण दबक्या आवाजात. बिश्वास हसून म्हणाले, "दिलं. पण वर्षानंतर याच टेबलावर आम्ही तुमची परीक्षा घेऊ." अध्यक्ष होते रेव्हरंड विल्किन्स, मंडळातले शेवटचे इंग्रज. म्हातारे, लालबुंद, सभेत अर्धा वेळ पेंगणारे. त्यांनी डोळे उघडून हे नोंदवून घ्यायला सांगितलं.

त्याच सभेत मला कळलं की साळवेसाहेब किती सुंदर इंग्रजी बोलतात. त्याआधीच्या सभांत ते फार बोलतच नसत. त्या दिवशी वीस मिनिटं बोलले. घोटलेलं, मोजकं, कुठं अडखळणं नाही. विल्किन्ससाहेबसुद्धा जागे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी या माणसाचं इंग्रजी सुधारत होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "साहेब, तुम्हाला इंग्रजी येतं, मग मला मराठीत का सांगता?"

ते पत्र चाळत राहिले. मग म्हणाले, "दिवसभर इंग्रजीच बोललो, तर दमल्यावर कोणत्या भाषेत दमायचं?"

त्या दिवसापासून त्यांच्या कोटाच्या खिशात पत्त्यांएवढे पुठ्ठ्याचे तुकडे आले. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला संथाळी. रोज दहा. बराकपूर ते सियालदह येताना पाठ, जाताना उजळणी. एका सहप्रवाशानं त्यांना भविष्य सांगणारा समजून हात पुढे केला होता. सुट्टी मिळाली की ते सालाच्या रानात जात आणि हेम्ब्रम यांच्या ओसरीवर बसून विद्यार्थ्यांकडून उच्चार दुरुस्त करून घेत. मुख्य कार्यवाहांना मुलं हसत. "हसू द्या," ते मला म्हणाले. "हसण्यासाठी तरी ती माझ्याशी बोलतात. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा नुसती उभी राहिली होती."

कचेरीत मलाही धडे मिळत. "लेखनिकबाई, संथाळ स्वतःला काय म्हणतात माहीत आहे? होड. होड म्हणजे माणूस. बस, आणखी काही नाही." मग पुढचा पुठ्ठा काढत म्हणाले, "आमच्या लोकांना गावानं पुष्कळ नावं ठेवली. हे नाव कुणाला सुचलं नाही."

घोषालबाबू आधी टिंगल करत. मग एके दिवशी मी पाहिलं, साहेब बाहेर गेलेले असताना ते टेबलावरचे पुठ्ठे क्रमानं लावत होते. मला पाहून म्हणाले, "आठवडाभर तेच तेच शब्द चुकतायत. वर काढून ठेवले."

वर्ष झालं. सातही प्राचार्य जमले. दोन मिनिटांची प्रार्थना झाली. मग साळवेसाहेब उभे राहिले. संथाळीत पाच मिनिटांचा उपदेश करायचा आणि हेम्ब्रम यांनी निवाडा द्यायचा, असं ठरलं होतं. साहेबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बोटं एकमेकांत अडकवून हात पाठीमागे धरले होते, आणि मी इतिवृत्त लिहायला त्यांच्या पाठीमागेच बसले होते.

त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी हेम्ब्रम यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खाली मान घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी मान वर केली, ओठ दाबले आणि पुन्हा खाली घातली. पाच मिनिटं झाली. साहेब बसले.

"सांगा," बिश्वास म्हणाले. "आणि कृपा करून खरं सांगा."

हेम्ब्रम उभे राहिले. त्यांचं इंग्रजी साधं होतं. "भाषा बरीच चुकते," ते म्हणाले. "उच्चार तर फारच. आणि गोष्टीत एक मोठी चूक झाली. मेंढपाळ मेंढराला शोधायला निघाला, असं हवं होतं. साहेबांनी उलटं सांगितलं. मेंढरू मेंढपाळाला शोधत रानात फिरतंय, आणि मेंढपाळ हरवलाय."

टेबलाभोवती हसू फुटलं. बिश्वास हसले नाहीत, त्यांनी नुसतं पुढ्यातला कागद मिटला.

"पण मला प्रत्येक शब्द कळला," हेम्ब्रम पुढे म्हणाले. ते अजून उभेच होते. "आणि एक सांगतो. आमच्याकडे ती गोष्ट साहेबांनी सांगितली तशीच घडते. आमची माणसं मेंढपाळ शोधत फिरतात. येणारा प्रत्येक जण आमच्याशी परक्या भाषेत बोलतो. मी या टेबलाशी सहा वर्षं येतोय. माझी भाषा या खोलीत आज पहिल्यांदा ऐकली."

एवढं बोलून ते बसले. हसू विरलं होतं.

मत घेतलं. परीक्षा संथाळीत व्हावी म्हणणारे तीन, नको म्हणणारे तीन. बिश्वास यांनी हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे. निर्णय अध्यक्षांकडे आला. विल्किन्ससाहेब त्या दिवशी पेंगले नव्हते.

"मी बंगालमध्ये एकतीस वर्षं आहे," ते म्हणाले. "अजून बंगालीत उपदेश करताना कागद समोर धरतो. चुकेन आणि लोक हसतील म्हणून." त्यांनी मला लिहून घ्यायची खूण केली. "संथाळीत परीक्षा घ्या. एक वर्ष करून बघू."

बाहेर घोषालबाबूंनी मला गाठलं. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "संथाळी रोमन लिपीत लिहितात. प्रश्नपत्रिका टाईप करायला अक्षरांवर खुणा लागतील. आपल्या यंत्रात नाहीत. त्या मी हातानं करीन. तुमचं अक्षर बरं नाही."

उन्हाळ्यात परीक्षा झाली. साहेबांनी एकेक पेपर तीन वेळा वाचला, कुठं अडलं तर हेम्ब्रमना पत्र टाकलं. पत्रात विद्यार्थ्याचं नाव नाही, फक्त अडलेलं वाक्य. नऊपैकी सहा पास झाले. नापास झालेल्या तिघांत हेम्ब्रम यांचा सख्खा पुतण्या होता. घोषालबाबू म्हणाले की दोन गुणांचा तर प्रश्न आहे, पहिलंच वर्ष आहे, काय बिघडतं. साहेबांनी नकार दिला. "आज दोन गुण वाढवले तर उरलेल्या सहांचेही खोटे ठरतील. तास सरळ गेला पाहिजे." निकालाचं पत्र पोचल्यावर हेम्ब्रम यांचं उत्तर आलं. पुतण्याला पुन्हा बसवतो, एवढंच. खाली एक ओळ संथाळीत होती. तिचा अर्थ साहेबांनी मला सांगितला नाही.

बिश्वास यांनी पुढच्या सभेत बंद करण्याचा ठराव मागे घेतला, आणि ते सहा पेपर आपल्या प्राध्यापकांसाठी बंगालीत करून मिळतील का, असं विचारलं. मिळाले. ते भाषांतर करायला साहेबांना चार महिने लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वडिलांची नागपूरला बदली झाली. आम्ही सामान बांधायला लागलो. एका रविवारी आई मला म्हणाली, "तुझ्या साहेबांच्या घरी जाऊन यायला हवं. अडीच वर्षं पोर सांभाळली त्यांनी." तिनं लुगडं बदललं, बरोबर डबा घेतला आणि दुपारच्या गाडीनं आम्ही बराकपूरला गेलो.

घर नदीच्या बाजूला, छावणीच्या कडेला होतं. कुलूप होतं. शेजारच्या बंगाली बाईंनी हातानं दिशा दाखवली आणि म्हणाल्या, साहेब रविवारी दुपारी तिथंच असतात. आम्ही गेलो. ती ख्रिस्ती दफनभूमी होती. आई फाटकाशी क्षणभर थांबली, मग पदर सारखा करून आत आली.

एका साध्या थडग्यापाशी साळवेसाहेब लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसले होते. अंगात कोट नव्हता, कॉलर नव्हती. हातात नगरहून आलेलं पत्र होतं आणि ते मोठ्यानं वाचत होते. कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरल्याचं, विहिरीला पाणी लागल्याचं. आमची चाहूल लागली तसे उठले. माझ्यापेक्षा तेच जास्त गोंधळले होते.

"ही सगुणा," ते आईला म्हणाले, ओळख करून द्यावी तसे. "माझी बायको."

मला ठाऊकच नव्हतं. अडीच वर्षं रोज त्यांच्याबरोबर चालत होते, कधी विचारलं नव्हतं.

आईनं विचारलं. कधी गेल्या, कशानं.

"साडेतीन वर्षं होत आली. विषमज्वर," ते म्हणाले. "मी या कामाला नुकता लागलो होतो. कॉलेजं बघायला आसामच्या डोंगरात गेलेलो. तार हिंडत हिंडत मला पोचली, मी परत आलो तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते." ते घडी केलेलं पत्र उगाच पुन्हा घडी करत होते. "इस्पितळातल्या नर्सेस चांगल्या होत्या. पण हिला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि त्यांना मराठी येत नव्हतं. त्यातल्या एका मुलीनं ही काय बोलत होती ते बंगाली अक्षरांत एका कागदावर लिहून ठेवलं होतं. मी आल्यावर अर्थ विचारायला."

"काय लिहिलं होतं?" आईनं विचारलं.

"'उशी जरा उंच करा,'" ते म्हणाले. "'खिडकी लावा.' 'उशी जरा उंच करा.' एवढंच. फार काही मोठं नव्हतं."

खालून नदीवरून मालाची नाव जात होती, तिच्यावरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आम्ही तेव्हा डमडमलाच होतो," आई म्हणाली. "नुकते आलो होतो. सहा-सात स्टेशनांवर."

"मला ठाऊक नव्हतं," साहेब म्हणाले.

"मलाही नव्हतं."

मग आईनं डबा माझ्या हातात दिला आणि त्या लोखंडी खुर्चीवर बसली. थोडी पुढे वाकली. घरात नवी शेजारीण आल्यावर ती बसायची तशी.

"सगुणाबाई," ती म्हणाली, "मी कुसुमची आई. तुम्ही इथं आहात हे मला कुणी सांगितलंच नाही हो. सांगितलं असतं तर आले असते. मलाही इथं बोलायला कुणी नव्हतं." तिनं डोळे पुसले आणि आवाज नेहमीसारखा केला. "ज्वारीचं काय करायचात तुम्ही? मला तर अख्ख्या कलकत्त्यात चांगली ज्वारी मिळाली नाही. आणि ते मोहरीचं तेल. मला अजून जमलेलं नाही, तुम्हाला कसं जमलं?"

साळवेसाहेबांनी मला तिथंच थांबायची खूण केली. बायका बोलायला बसल्या की पुरुष उठून बाहेर जातात तसे ते दूर फाटकापाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. आईचं बोलणं पुष्कळ वेळ चाललं होतं.